खांद्याएवढा मनोरा

दुबईहून परतल्यावर आमच्या राजापूरच्या वाचनालयात भेटेल त्याने मला एकच विचारले, जगातल्या त्या सर्वांत उंच इमारतीवर गेलात की नाही. गेलो नाही. खालून मान वर करून पाहिली, तेवढे पुरे झाले. त्या देशात मी ज्या मनोऱ्यासमोर खरोखर उभा राहिलो, त्याची उंची माझ्या खांद्याएवढी होती. त्याने माझ्या मनात जे उठवले ते अजून पुरते शमलेले नाही. त्याचे नाव आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज व्हायला नको. मत्सर. षड्रिपूंत तो सहावा. एकेचाळीस वर्षे पाठशाळेत संस्कृत शिकवताना मी पहिल्या पाचांवर पुष्कळ बोललो. सहाव्यापाशी येईपर्यंत तास संपत असे.

माघ शुद्ध द्वादशी, ऊद मेथा

माझा मुलगा श्रीधर ऊद मेथात राहतो. भारतीय शाळा जवळ, म्हणून ही वस्ती. त्याची नोकरी मात्र अबू धाबीजवळच्या मुसफ्फा येथील कारखान्यात. पहाटे कंपनीच्या बसने जायचे आणि जेवणाच्या वेळी परत यायचे. म्हणजे माझा दिवस सून मानसी आणि नात ऋजुता यांच्याबरोबर.

मला बोलावून घेतले होते ते ऋजुतासाठी. तिने दहावीला संस्कृत घेतले आहे. "बाबा, पेपरच्या आधी थोडे दिवस तुम्ही तिच्याबरोबर बसलात तर बरं होईल," असे मानसीने फोनवर म्हटले, तेव्हा मी पंचांग पाहून, उत्तम मुहूर्त काढून तिकीट काढायला सांगितले. ऋजुता हे नाव मी ठेवलेले. विमानतळावर ती धावत आली, वाकून नमस्कार केला, आणि तिच्या मैत्रिणीने मागून हाक मारली, "आर्जे, यल्ला, चल, कार इथे थांबू देत नाहीत." आर्जे म्हणजे ऋजुता, हे कळायला मला गाडी सुरू होईपर्यंत वेळ लागला. मूळ नावातला 'ऋ' त्या दोन इंग्रजी अक्षरांत कुठेही उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी संध्या आटोपून मी बैठक मांडली. देव्हाऱ्यापुढे पाट, पाटावर तिचे पुस्तक, आणि तिच्या कपाळाला कुंकवाचे बोट. तिने ते मुकाट्याने लावून घेतले. शाळेच्या जादा तासाला जाताना लिफ्टच्या आरशात बघून ओल्या कागदी रुमालाने पुसले, हे मला मानसीकडून कळले. "बाबा, वाईट वाटून घेऊ नका, शाळेत विचारतात," ती म्हणाली. मी वाईट वाटून घेतले नाही. त्या दिवशी तरी नाही.

पौर्णिमा आणि प्रतिपदा

आता ज्यांना पाठशाळेची शिस्त ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगितले पाहिजे. आमच्याकडे पौर्णिमा, अमावास्या, प्रतिपदा, अष्टमी आणि चतुर्दशी या तिथींना नवा पाठ देत नाहीत. तो अनध्याय. मी हे आठव्या वर्षापासून पाळत आलो. चतुर्दशी तशीच गेली. मग पौर्णिमेला ऋजुता पुस्तक घेऊन आली, तर मी म्हणालो, "आज अनध्याय. उद्याही अनध्यायच. परवा बसू."

तिने पुस्तक बंद केले नाही. "आबा, पेपरला आठ दिवस आहेत."

"तिथीला इलाज नाही."

"बोर्डाला माहीत आहे का प्रतिपदेचं?"

"बोर्डाला नसेल, विद्येला आहे."

"ओके," ती म्हणाली. तिच्या तोंडून आलेले ते 'ओके' मी संमती म्हणून घेतले. पुढे कळले की तिच्या पिढीत त्या शब्दाचा अर्थ बहुधा उलट असतो.

द्वितीयेला मी पाट मांडून बसलो. ती आली नाही. मानसी स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "ती वर गेली आहे, बाबा. सातव्या मजल्यावर, लाओशींकडे. शांतपणे अभ्यास होतो म्हणते तिथे."

"कोण हे लाओशी? संस्कृत जाणतात?"

मानसीला हसू आवरेना. "ते चिनी आहेत. शाळामास्तर होते त्यांच्या गावी. आता मुलाकडे राहतात. मुलाचं दिव्यांचं दुकान आहे चिनी बाजारात."

मी तिला बोलावून आणायला म्हणून गेलो. दार उघडेच होते. खोलीत एक मोठे मेज, एका टोकाला माझ्याच वयाचे एक कृश गृहस्थ कुंचल्याने कागदावर अक्षरे काढीत बसलेले, दुसऱ्या टोकाला ऋजुता. ती शब्द म्हणत होती, "पयः, पयसी, पयांसि." कुंचला तालावर चालला होता. मग तृतीया विभक्तीपाशी ती चुकली. मी दारात ओठ दाबून उभा राहिलो, कारण माझ्याने राहवेना. आणि त्या गृहस्थांनी, ज्यांना संस्कृतचे एक अक्षर येत नाही, कुंचला हवेत थांबवला. एवढेच. ऋजुताने वर पाहिले, मागे गेली, स्वतःच दुरुस्त केले, "पयसा, पयोभ्याम्, पयोभिः." कुंचला पुन्हा चालू झाला.

ताल मोडला एवढे त्यांना कळत होते. मी असतो तर तिथे व्युत्पत्ती सांगितली असती, मग त्या व्युत्पत्तीची कथा सांगितली असती.

जिन्याने उतरताना मी तिला विचारले, "लाओशी हे त्यांचे नाव काय?"

"नाव नाही, आबा. लाओशी म्हणजे टीचर. म्हणजे, तुमच्या भाषेत, गुरुजी."

राजापुरात मला सारे गुरुजी म्हणतात. भाजीवाली म्हणते, तलाठी म्हणतो, माझ्यापेक्षा थोरही म्हणतात. घरात मात्र मी बाबा आणि आबा. ते योग्यच आहे, असे मी नेहमी मानले. त्या जिन्यावर प्रथमच मला वाटले की माझ्या घरातला एक शब्द मी कधी मागितला नाही, आणि तो परक्या भाषेत दुसऱ्याला देऊन झाला आहे.

तिच्या कंपासपेटीच्या झाकणाच्या आत लाल शाईत छापलेला एक कागद होता. तीन मजल्यांचा एक मनोरा, छपराची टोके वर वळलेली. "हा कोणाचा?" मी विचारले. "लाओशींच्या गावचा टॉवर. पूर्वी परीक्षेआधी मुलं तिथे जाऊन प्रे करायची. लकी आहे." मी तो कागद बोटाने उचलून पाहिला. कंपासपेटीत, मी दिलेला शारदेचा फोटो त्या कागदाच्या पाठीमागे होता.

पंचमी, चिनी बाजार

शनिवारी लाओशींनी आम्हा सर्वांना आमंत्रण दिले. त्यांच्या मुलाच्या दुकानात त्या मनोऱ्याची लाकडी प्रतिकृती आहे, तिचे दर्शन घेऊन परीक्षार्थिनीने यावे. श्रीधरला सुट्टी असूनही कारखान्यात जावे लागले, म्हणून मानसीने कासमभाईंना गाडी आणायला सांगितले. रास अल खोरच्या घाऊक बाजारातून दुकानांना भाजी पोचवणारे हे गृहस्थ जैतापूरचे निघाले. मला पाहताच त्यांनी गाडीतले खोके मागे सरकवले.

"गुरुजी, तुमी राजापूरचे! माझा मोठा भाऊ तुमच्या पाठशाळेच्या वाटेवर सायकलचा दुकान चालवायचा. बसा, पुढं बसा."

पाहा, परदेशात, वाळवंटाच्या तोंडाशी, जैतापूरच्या माणसाने मला गुरुजी म्हटले. माझी नात मागे बसून लाओशींना 'खंडेनवमी' म्हणजे काय ते इंग्रजीतून समजावीत होती.

"पोरीचा पेपर काय?" कासमभाईंनी विचारले.

"संस्कृत."

"मग काय, घरातच विहीर. इन्शाल्ला, पैली येईल."

मागून ऋजुता म्हणाली, "विहिरीला हॉलिडेज फार आहेत, अंकल." कासमभाई एवढे हसले की मला गाडीची काळजी वाटली. लाओशींना तिने त्याचा अर्थ सांगितला असावा, कारण थोड्या वेळाने तेही हसले, आणि मग माझ्याकडे पाहून घाईने गंभीर झाले. त्यांच्या त्या सौजन्याचा मला अधिकच राग आला.

तो बाजार म्हणजे एकाच छपराखालचा तालुका. फरश्या, नळ, झुंबरे, कृत्रिम फुले, मसाज करणाऱ्या खुर्च्या. लाओशींच्या मुलाचे दुकान दिव्यांचे. शेकडो दिवे एकाच वेळी पेटलेले, जणू कोणाला तरी काहीतरी शोधायचे आहे. मागच्या कोपऱ्यात, दिव्यांच्या मधोमध एका चौरंगावर तो मनोरा होता.

गडद लाकडाचा, आठ कोनांचा, तीन मजली. प्रत्येक छपराच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढी घंटा. वरच्या मजल्यावर, दाराच्या आत, बोटभर उंचीची मूर्ती. मी वाकून पाहिले. चेहरा राक्षसासारखा, केस उभे, एक पाय मागे झटकलेला, दुसरा एका माशाच्या डोक्यावर, आणि उजव्या हातात उगारलेला कुंचला.

लाओशी बोलत होते, ऋजुता मराठीत आणत होती. मध्येमध्ये तिला शब्द सापडत नव्हते, तेव्हा तिचे इंग्रजी मी माझ्या तुटपुंज्या ज्ञानाने जुळवीत होतो. हा देव एके काळी माणूस होता. परीक्षेत पहिला आला, पण त्याचे कुरूप तोंड पाहून बादशहाने त्याला दारातून परत पाठवले. त्याने नदीत उडी घेतली; माशाने त्याला वर काढले; मग तो आकाशात गेला, आणि ज्याला उत्तीर्ण करायचे त्याच्या नावावर कुंचल्याने ठिपका देऊ लागला. लाओशींच्या गावी नदीच्या काठी असा खराखुरा मनोरा शेकडो वर्षे उभा आहे. जिना इतका अरुंद की एका वेळी एकच जण, तोही मान वाकवून. वर जाऊन उदबत्ती लावायची आणि आपले नाव मनात उच्चारायचे.

"लाओशींच्या ग्रँडफादरचे ग्रँडफादर चार वेळा वर गेले," ऋजुता म्हणाली, "आणि चारही वेळा फेल झाले. दर वेळी फेल झाल्यावर त्यांनी टॉवरच्या छपरावर एक कौल बसवलं. ते त्यांच्या घरात करतात. पास झालं तर उदबत्ती, फेल झालं तर कौल."

मी त्या लहानग्या छपराकडे पाहत राहिलो. आमच्याकडे देवळे आहेत, मठ आहेत, विजयाचे स्तंभ आहेत. पाठ करून करून घसा सुकलेल्या पोराने जाऊन टेकावे असा मनोरा कोणी बांधला? मी पहिल्या परीक्षेत अनुत्तीर्ण झाल्यावर माझे तीर्थरूप महिनाभर माझ्याशी बोलले नव्हते. तेव्हा एक कौल चढवायला कुठे जागा असती, तर मी ते डोक्यावर घेऊन चालत गेलो असतो. आमची शारदा शांतपणे वीणा घेऊन बसलेली असते. कोणाच्या निकालाची तिला घाई दिसत नाही. हा कुरूप देव मात्र एका पायावर उभा, कोणाचे तरी नाव लिहायला निघालेला. मी एका सबंध देशाचा हेवा करीत उभा होतो, आणि तोही एका दिव्यांच्या दुकानात.

त्यानंतर जे झाले ते मी अजून विसरलो नाही. लाओशींनी वाटीत हिंगूळ कालवला, कुंचला बुडवला, ऋजुताला समोर उभी केली आणि तिच्या कपाळावर, भुवयांच्या मध्ये, एक लाल ठिपका दिला. त्यांच्याकडे शाळेत बसताना गुरूने असा ठिपका द्यायची रीत आहे, बुद्धी उघडावी म्हणून.

मानसी मला हळूच म्हणाली, "आपल्यासारखंच आहे की, बाबा."

"हो," मी म्हणालो. अगदी आपल्यासारखेच होते. फरक एवढाच की परत घरी येईपर्यंत, लिफ्टच्या आरशासमोरही, तिने तो ठिपका पुसला नाही.

निघताना लाओशींनी तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या वड्या दिल्या. अंडे नाही ना, हे मानसीने दोनदा विचारून घेतले. चव सांदणासारखी होती. मी दोन खाल्ल्या आणि त्याचाही मला राग आला.

षष्ठी

आता मी जे लिहितो आहे ते लिहिण्यासाठीच हे सारे लिहायला घेतले. पंचमीच्या संध्याकाळी ऋजुता खाली मैत्रिणीकडे गेली असता मी तिची कंपासपेटी उघडली, तो मनोऱ्याचा कागद काढला आणि माझ्या पोथीत, पोथी देव्हाऱ्यात, अशी व्यवस्था केली. मी मनाला सांगितले की हा अंधविश्वास आहे, मुलीचे लक्ष विचलित होते. मन ऐकून घेत होते, पटवून घेत नव्हते.

षष्ठीला सकाळी तिने पेटी उघडली. मग दप्तर. मग पलंगाखाली. ती रडली नाही. तिने दप्तर पुन्हा नीट भरले, आणि ते मला जास्त लागले. "असू दे," ती आईला म्हणाली, "मी लाओशींना नाही सांगणार. त्यांना वाटेल मी केअरलेस आहे." त्या दिवशी ती वर गेलीच नाही. खाली माझ्यासमोर पाटावर बसली, आणि जे शब्द चार दिवस तोंडपाठ होते ते चुकू लागले. मला हवे होते ते मिळाले होते. माझी नात माझ्यासमोर बसून चुकत होती.

सप्तमी, गच्ची

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी लाओशी खाली आले. ती दोन दिवस का आली नाही, हे त्यांनी विचारले नाही. आकाश दाखवतो म्हणाले. आम्ही तिघे गच्चीवर गेलो. कपडे वाळत होते, शेजारच्या मशिदीतून प्रार्थनेची हाक नुकतीच होऊन गेली होती, शहराच्या प्रकाशाने तारे थोडेच उरले होते. लाओशींनी ईशान्येकडे बोट केले. एका मोठ्या पळीचा वाडगा क्षितिजावरून वर येत होता.

"तो तिथे राहतो," ऋजुताने अर्थ सांगितला. "तो कुंचलावाला देव. वाडग्याचे चार तारे त्याचे. पहिला सगळ्यात महत्त्वाचा."

मी पाहिले, आणि माझे हात आपोआप जोडले गेले. ते सप्तर्षी होते. वाडग्याचे चार म्हणजे क्रतू, पुलह, पुलस्त्य, अत्री. ज्या पहिल्या ताऱ्यावर त्यांचा देव राहतो त्या क्रतूला मी रोज सकाळी तर्पणात नाव घेऊन पाणी देतो. मी तो मनोरा चोरला होता, आणि त्याच्यातल्या देवाला उपनयन झाल्यापासून रोज ओंजळ देत आलो होतो.

लाओशींनी माझे जोडलेले हात पाहिले. त्यांनीही जोडले. ऋजुता आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहत म्हणाली, "तुम्ही दोघं सेम आहात."

मला ते मुळीच आवडले नाही, आणि तिचे म्हणणे खरे आहे हेही कळले.

अष्टमी

पेपर अष्टमीला आला होता. अनध्याय. सकाळी ऋजुता गणवेशात देव्हाऱ्यासमोर उभी राहिली. मानसीने तिच्या हातावर दही-साखर घातली. मी पोथी उघडली आणि कागद बाहेर काढला. दोन दिवसांच्या पूजेत पोथीवर पडलेले ओले कुंकू आत झिरपले होते. मनोऱ्याच्या वरच्या मजल्यावर, नेमका मूर्तीच्या जागी, गडद डाग पडला होता.

"ओह, आबा," तिचा चेहरा उजळला. "तुम्ही देवाजवळ ठेवलं होतं? माझ्यासाठी?"

ती दोन पावले माझ्यासमोर होती, आणि एवढा सोपा मार्ग मला आयुष्यात कोणी दाखवला नव्हता. 'हो' हे एक अक्षर पुरले असते.

"नाही," मी म्हणालो. "मी घेतला होता. तुला तो मिळू नये म्हणून. तू वर जाऊ नयेस म्हणून."

मानसीने चमचा खाली ठेवला. ऋजुता कागदाकडे पाहत राहिली. मग तिने घड्याळ पाहिले. "आबा, मी आत्ता रागावू शकत नाही. बस येईल. आल्यावर रागावते." तिने कागद पेटीत ठेवला, दाराशी गेली आणि परत आली. कपाळ पुढे केले. "लवकर. आणि लहान लावा."

मी बोट टेकवले, पण लहान लागले नाही.

दुपारी मी इमारतीखाली बसथांब्यापाशी उभा होतो. लाओशी छत्री घेऊन आले, उन्हासाठी. आम्ही एका छत्रीखाली थांबलो. बोलायला भाषा नव्हती, म्हणून मी त्यांना एक शब्द शिकवला. त्यांच्याकडे बोट केले, "लाओशी." मग पुन्हा त्यांच्याकडेच बोट करून म्हटले, "राजापूर, गुरुजी." त्यांनी चारपाच वेळा म्हणून पाहिला. त्यांचा 'र' गोल होता, 'जी' मात्र उत्तम. मी त्यांना शब्द दिला होता, आणि तो देताना मला वाटले होते की आता हिशेब मिटला, आता मत्सर संपला.

बस आली. ऋजुता उतरली. तिच्या कपाळावर कुंकू घामाने पसरून जवळजवळ नाहीसे झाले होते, पण पुसलेले नव्हते. आम्हा दोघांना एका छत्रीखाली पाहून ती थांबली, रागवायचे ठरले होते हे आठवून तिने चेहरा कडक केला, आणि दप्तर खांद्यावर घेत हाक मारली.

"गुरुजी, पयस् आलं होतं."

ती हाक माझ्यासाठी होती. तिचे डोळे माझ्याकडे होते, हे मी शपथेवर सांगतो. सोळा वर्षांत तिने मला प्रथमच त्या नावाने हाक मारली, आणि मी तोंड उघडले.

"यस," लाओशी म्हणाले.

मला अर्ध्या मात्रेचा उशीर झाला.